हे दाबू नये

"आधी पेशंट माझ्याकडे द्या, मग तुम्ही सावकाश चढा."

दुरुस्तीच्या दुकानाचा जिना अरुंद होता, सातव्या पायरीवर माझी चप्पल सटकली होती, आणि वरून उतरणाऱ्या एका अनोळखी माणसाने माझ्या हातांतलं गाठोडं धरलं होतं. मी सोडत नव्हते. तोही सोडत नव्हता.

"सोडा ना," मी म्हणाले.

"मी सोडलं तर तुम्ही दोघंही खाली जाल."

गाठोडं म्हणजे आमच्या घरचा जुना कम्प्युटर – त्याचा तो काळा डबा, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात. बाहेर लख्ख ऊन होतं आणि मी त्याला माझा रेनकोट घातला होता. का, ते विचारू नका. घाबरले की मी असली काहीतरी व्यवस्था करत सुटते. बाबा मला लहानपणापासून भागूबाई म्हणतात, ते उगीच नाही.

हा चोर असला तर, हा विचार माझ्या मनात आला आणि तोंडावरही दिसला असावा. त्याने हनुवटीने वरच्या पाटीकडे खूण केली. "दुकान माझंच आहे. चहाला खाली चाललो होतो. आता नाही जात."

मी गाठोडं सोडलं. त्याने ते अलगद छातीशी घेतलं, रेनकोटाची बाहीसुद्धा नीट आत दुमडली, आणि मला उगीचच थोडा धीर आला.

"काय होतंय याला?"

"चालू होतो... आणि परत चालू होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे चालू होतो, पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं, आता उघडेल म्हणून आपण बघत बसतो – आणि सगळं काळं. परत चालू. परत चिन्ह. घरातून निघालेला माणूस काहीतरी विसरलं म्हणून सारखा दारातून परत यावा ना, तसं. कालपासून हेच चाललंय."

"बघतो," तो म्हणाला.

बस, एवढंच. मला हवं होतं 'होईल हो', 'काही काळजी करू नका'. मी स्वतः एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोरच्याला खालची ओळ अजिबात दिसत नसली तरी आधी 'छान, छान' म्हणायचं असतं, हे मला माहीत आहे. याला कोणी शिकवलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवून टाकलं – बघतो.

आता मी एवढी का घाबरले होते ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, एका डब्यापायी काय हा जीव टांगणीला.

बाबा हॉस्पिटलात होते. गुरुवारी सकाळी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि आज मंगळवार. बाबा गेली चौदा वर्षं एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी तयार करतात. खाली नाव नसतं, फक्त 'कोडेकार' एवढंच असतं. त्यांतल्या निवडक पाचशे कोड्यांचं पुस्तक निघणार होतं, त्यांचं पहिलं पुस्तक. पुस्तकासाठी नव्याने बांधलेली ती पाचशे कोडी या काळ्या डब्यात होती आणि तशी जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. बाबा कधी प्रत काढून ठेवत नसत. जितक्या प्रती तितक्या फटी, उत्तरं फुटतात, असं त्यांचं म्हणणं. उत्तरं आईनेसुद्धा कधी पाहिली नव्हती.

सोमवारी भेटायला गेले तेव्हा बाबा म्हणाले, "गुरुवारच्या आधी तेवढी फाइल प्रकाशकाला पाठवून दे गं. म्हणजे मी मोकळा."

मोकळा. एरवी किती साधा शब्द आहे. पण दंडाला सुई लावून पडलेल्या माणसाच्या तोंडून तो मला साधा वाटेना. बाहेर डॉक्टर आईला सांगत होते, की त्यांचं मन शांत ठेवा, कसलाही धक्का नको.

घरी आले आणि फाइल पाठवायच्या आधी काय केलं मी? साफसफाई केली. भीती घालवायची माझी ही दुसरी तऱ्हा. ओल्या फडक्याने डबा पुसला, मागची जळमटं काढली, पुढची बाबांची सुटत आलेली चिठ्ठी नव्या चिकटपट्टीने पक्की केली. मग बटण दाबलं, आणि तेव्हापासून तो दारातून परत यायला लागला. म्हणजे बाबांची चौदा वर्षं मी एका फडक्याने पुसून टाकली होती. हे गुरुवारच्या आधी बाबांना कळलं तर काय होईल, याच्या पुढे माझा विचार जात नव्हता.

हे सगळं मी त्या दुकानात उभ्या उभ्या सांगितलं. फक्त ते कोडेकार आहेत, हे तेवढं गाळलं. घरचा नियम.

बघतोने टेबलावरचा पेपर बाजूला सरकवला, डबा आडवा ठेवला, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. मी डोळे मिटून घेतले.

"उघडा," तो म्हणाला. "तुम्ही पण आणि हा पण."

पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत होतं. मागचं चित्र, कोपऱ्यात कचऱ्याचा डबा, आणि मधोमध बाबांचा फोल्डर – 'कोडी'. अर्धा तास तो तसाच चालू राहिला. एकदाही परत फिरला नाही. मला रडू यायला लागलं आणि ते लपवायला मी बाजूच्या पेपरकडे बघितलं.

तर ते आमचं साप्ताहिक. आणि उघडं पान बाबांचं. पेन्सिलीने अर्धं सोडवलेलं.

"तुम्ही... कोडं सोडवता?"

"मशीन चालू-बंद होत असताना माणसाने करायचं काय? नऊ वर्षं झाली. हा कोडेकार भेटला ना, तर पाय धरीन. आणि मग गळा धरीन. हे बघा, सात आकड्याच्या चौकटीतून दोन शब्द निघतात आणि तिथेच अडलंय."

मग तोच म्हणाला, "बरं, ते राहू दे. आत्ता चालतोय तोवर त्या फोल्डरची प्रत काढून घेऊ. मशीन म्हातारं आहे."

"नको," मी ताडकन म्हणाले.

"का?"

उत्तरं आहेत त्यात, आणि तुम्ही सोडवणारे आहात. चौदा वर्षांत ज्या माणसापासून उत्तरं लपवायची, तो नेमका हाच होता. "घरी जाऊन काढते," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की."

"बघा हं," तो म्हणाला. या वेळी 'बघतो' म्हणाला नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

घरी आले. डबा जागेवर ठेवला, वायरी लावल्या, बटण दाबलं. चिन्ह आलं... आणि काळं झालं. चिन्ह... काळं. मी चाळीस वेळा मोजलं. आत कुठेतरी आता टक टक असा आवाजही येत होता. मी जमिनीवर बसून राहिले. प्रत काढायला सांगत होता तो, पन्नास पायऱ्या चढून गेलेली मी, आणि 'नको' म्हणाले. भित्रेपणाने मला आजवर एवढ्या खड्ड्यात कधी नेलं नव्हतं.

संध्याकाळी बाबांचा फोन.

"कम्प्युटर कसा आहे?"

"मस्त," मी म्हणाले.

"पाठवलीस का?"

"उद्या पाठवते. एकदा नजर टाकून."

"उत्तरं बघायची नाहीत हं, भागूबाई."

"नाही बघत, बाबा." त्या क्षणी ती उत्तरं मला दिसली असती, तर मी पेढ्यासारखी वाटली असती सगळ्यांना.

बुधवारी दुपारी मी दुकानात फोन केला. "तो... परत तसाच करतोय," एवढं म्हणाले आणि माझा आवाज फुटला.

"प्रत काढली नसेल," तो म्हणाला.

"नाही."

"पत्ता सांगा. येतो."

आई हॉस्पिटलात न्यायचा जेवणाचा डबा घ्यायला घरी आली होती. आईचा आणि त्या कम्प्युटरचा उभा दावा. तिने बघतोला आत घेतलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं, "मी हातही लावत नाही हो त्याला. सहा वर्षांपूर्वी माझ्या झाडूचा धक्का लागला आणि हिच्या बाबांचं कोडं पुसलं गेलं, तर हा माणूस दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून मी आपली लांबूनच केर काढते."

कोडं हा शब्द ऐकून त्याने मान वर केली. मी खिडकीकडे बघायला लागले. त्याने नुसती बॅग उघडली.

बटण दाबलं. चिन्ह, काळं. चिन्ह, काळं. टक टक टक. त्याने डब्याला कान लावला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"डिस्क दमलीय. दोन दिवसांत शंभर वेळा कच्च्या झोपेतून उठवलंय तिला. अजून किती वेळा उठेल, सांगता येत नाही."

"म्हणजे... एखाद्या वेळी उठणारच नाही?"

"बघतो."

"बघतो म्हणू नका हो," मी म्हणाले. "काहीही म्हणा, पण बघतो म्हणू नका. उद्या सकाळी ते आत जाणार आहेत आणि मी त्यांना मस्त म्हणून सांगितलंय."

तो थांबला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला खोटा धीर देता येत नाही. म्हणून बघतो म्हणतो. आणि खरंच बघत असतो."

हे म्हणताना तो डब्याकडे बघत नव्हता. पदर असता तर मी तो सारखा केला असता. नव्हता, म्हणून वायर सारखी केली.

"एक सांगा," तो एकदम म्हणाला, "हा घरी असाच असतो? उभा?"

"मग कसा असणार?"

"माझ्याकडे आडवा होता."

त्याने डबा आडवा केला. चिन्ह आलं... आणि टिकलं. त्याने तो उभा केला. काळं. पुन्हा आडवा – चिन्ह. "आडवा चालतो, उभा अडतो," तो पुटपुटला. "कोडंच आहे की." मग बंद करून तो डब्याच्या तोंडासमोर मांडी घालून बसला आणि मान मागे, आणखी मागे घेऊन बघायला लागला.

ही मान मी रोज दहा वेळा बघते. "तुम्हाला जवळचं दिसत नाही," मी म्हणाले.

"दिसतं."

"मग ही चिठ्ठी वाचा."

"हे... दार... हे दाखवू..."

"हे दाबू नये," मी वाचलं. सहा वर्षांपूर्वी आईच्या झाडूनंतर बाबांनी रीस्टार्टच्या छोट्या बटणावर लावलेली ती चिठ्ठी, बाबांच्या गोल अक्षरात. मी वाचली, आणि माझा आवाज तिथेच थांबला. चिठ्ठीच्या मधोमध एक खळगा दिसत होता. अगदी बटणाएवढा.

"ही पट्टी..." तो म्हणाला.

"मी लावली. सोमवारी. सुटत आली होती म्हणून. दोन थर दिले. नखाने घासून घासून पक्की केली."

चिकटपट्टी इतकी ताणून बसली होती, की बटण अर्धं आत गेलं होतं. डबा उभा असला की पंख्याच्या थरथरीने डुलायचा आणि ते उरलेलं अर्धं आत जायचं, आणि बिचारा कम्प्युटर सांगितल्याबरहुकूम पुन्हा सुरू व्हायचा. दाबू नये म्हणणारी चिठ्ठीच दोन दिवस ते बटण दाबून बसली होती. मी घाबरून जे पक्कं केलं, त्यानेच घात केला होता.

त्याने नखाने पट्टी सोडवली, चिठ्ठी न फाडता. खाली सगळा गोंद. बटण बाहेर येईना. त्याने ते नखात धरून बाहेर ओढलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आता चालू करा. हात सोडला तर हे परत आत जाईल, म्हणून मी असाच बसतो. चालू झाला की पहिल्यांदा फाइल पाठवा. बाकी सगळं नंतर."

चालू झाला. टक टक करत, धापा टाकत, पण झाला. मी खुर्चीत, तो माझ्या पायाशी जमिनीवर, एक नख बटणाखाली. मी 'कोडी' फोल्डरवर बोट नेलं आणि थांबले.

"तुम्ही... इकडे बघू नका."

"कोडेकार तुमचे वडील आहेत," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला. आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "मला बघायचीही नाहीत उत्तरं. नऊ वर्षं स्वतः सोडवलीत. आता फुकट कशाला घेऊ?"

फाइल मोठी आणि आमचं इंटरनेट गोगलगाय. एक टक्का. दोन टक्के. पाठवायला सतरा मिनिटं लागतील असं पडद्यावर आलं, आणि मी श्वास धरून बसले.

"किती?" भिंतीने विचारलं.

"बारा."

"श्वास घ्या. बारा टक्क्यांवर कोणी मरत नाही."

"तुम्हाला कसं कळलं मी..."

"बघितल्याशिवाय पण कळतं थोडंफार."

टक टक. मी डोळे मिटले. "काहीतरी बोला," मी म्हणाले. "काहीही. आवाज ऐकू येतोय मला तो."

"उभा सात," तो म्हणाला. "या आठवड्याचा. 'दाबली की वाढते, सांगितली की कमी होते.' दोन अक्षरी, शेवटी ती."

"मग? काय लिहिलंत?"

"प्रीती."

मी डोळे उघडले. "सांगितली की कमी होते म्हटलंय. प्रीती कशी कमी होईल?"

"माहीत नाही," तो भिंतीला म्हणाला. "कधी सांगून बघितली नाही."

पंखा घरघरत होता. त्याचा कान लाल झाला होता. मला तेवढाच दिसत होता. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. शब्द गळ्यापर्यंत आलेसुद्धा... आणि परत फिरले.

"एकसष्टवर थांबलंय," मी म्हणाले.

"मी पण," तो म्हणाला.

मग बासष्ट झाले. मग सत्तर. मग आई दारात आली, जमिनीवर बसून भिंत न्याहाळणाऱ्या त्या माणसाकडे बघून म्हणाली, "हे असं दुरुस्त करतात होय?" आणि आत गेली. शंभर टक्के झाले तेव्हा मी खुर्चीवरून घसरून जमिनीवरच आले. त्याने बटण सोडलं. डबा टक असा एक आवाज करून काळा झाला आणि त्या दिवशी परत उठला नाही. पण पाचशे कोडी प्रकाशकाकडे पोचली होती.

त्याने बॅग भरली. "उद्या किती वाजता?" एवढंच विचारलं.

"नऊ," मी म्हणाले.

गुरुवारी सकाळी बाबांना हिरवा झगा घालून तयार ठेवलं होतं. चष्मा काढलेला, त्यामुळे ते कोणी दुसरेच वाटत होते.

"पाठवलीस?"

"पाठवली. बाबा... कम्प्युटर मस्त नव्हता. बंद पडला होता. मी खोटं बोलले." आईने मला चिमटा काढला, पण आता मला थांबता येईना. "तुमच्या चिठ्ठीवर मी पट्टी लावली आणि तीच बटण दाबून बसली."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, अगदी झग्याची नाडी हलेपर्यंत. "दाबू नये, हेच दाबून बसलं? चौदा वर्षांत असलं एक कोडं मला सुचलं नाही, भागूबाई." आणि त्यांना घेऊन गेले. दार दोन्हीकडून झुलत झुलत बंद झालं.

आई फॉर्मवर सह्या करायला खाली गेली. मी लोखंडी बाकावर बसले, त्या दाराकडे बघत. किती वेळ गेला कोण जाणे. शेजारी कोणीतरी बसलं, मांडीवर पेपर ठेवला, पेन्सिल काढली.

"दुकान?" मी विचारलं.

"बंद." आणि थोड्या वेळाने, "बोला."

"काय बोलू?"

"वाटतंय ते. काल तुम्ही मला बोलायला लावलंत."

मी दाराकडे बघत बोलायला लागले. "मला भीती वाटतेय. ते बाहेर आलेच नाहीत तर? मी मोकळा म्हणाले म्हणजे ते मोकळे झाले, असं तर नाही ना? मी कालपर्यंत म्हणत होते की डबा सारखा दारातून परत येतो. आता मला एवढंच हवंय की त्यांनी त्या दारातून परत यावं. काहीतरी विसरलं म्हणून का होईना. मला त्यांच्याशिवाय... मला जमणार नाही. मला खूप भीती वाटतेय."

तो 'होईल हो' म्हणाला नाही. 'काळजी करू नका' म्हणाला नाही. सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी विचारलं, "कमी झाली?"

मी जरा अंदाज घेतला. "थोडी."

"मग उभा सात भीतीच," तो म्हणाला. त्याने 'प्री' खोडला आणि वर 'भी' लिहिला. मला ते खोडणं का कोण जाणे आवडलं नाही. "आता आडवा सात पण 'भी'नेच सुरू होणार. 'ही चेपली की माणूस मोकळेपणी बोलतो.' दोन अक्षरी. भी... पुढे काय?"

बाबांच्या कोड्यांत मी जन्मभर नापास. पण या वेळी मला लगेच सुचलं. "भीड," मी म्हणाले. "भीड चेपते ना माणसाची."

त्याने अक्षर लिहिलं. दोघंही त्या चौकटीकडे बघत बसलो, एकमेकांकडे न बघता.

दार झुललं ते साडेबाराला. डॉक्टरांनी तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि म्हणाले, "छान झालं सगळं. संध्याकाळी बोलतील तुमच्याशी." आई तोवर वर आली होती, ती भिंतीला टेकून रडली, मी तिला धरून हसले, आणि मग आमची अदलाबदल झाली. नर्सने आईला आत नेलं. एका वेळी एकच, म्हणाली.

वळले तर बघतो उभा होता, पेपरची घडी करत. "निघतो आता," तो म्हणाला. "हे तुमचं. फेकवलं नाही." पेपरच्या घडीत बाबांची चिठ्ठी होती, न फाटलेली. ती माझ्या हातात देऊन तो जिन्याकडे गेला. चार पायऱ्या उतरला. थांबला. परत वर आला.

"काय विसरलात?"

"काही नाही. डबा शनिवारी नेईन म्हणत होतो. दुसरी डिस्क टाकतो."

"बरं."

"बरं." तो पुन्हा उतरला. या वेळी सात पायऱ्या. थांबला. पुन्हा वर. "आणि वडिलांना म्हणावं... काही नाही, नंतर सांगेन." आणि पुन्हा खाली वळला.

चालू होतो आणि परत चालू होतो. मला हे दुखणं आता चांगलं ओळखू येत होतं. मी हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं. गोल अक्षरात लिहिलं होतं – हे दाबू नये. मी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"थांब," मी म्हणाले. "तू मला आवडतोस."

तुम्ही म्हणायचं होतं, तू निघालं. खालच्या वळणावर एक आजोबा काठी टेकून थांबले. बघतो मात्र वळला, मान मागे घेतली, जवळचं न दिसणाऱ्या माणसासारखी, आणि माझ्याकडे बघत एकेक पायरी वर आला. माझ्या एकच पायरी खाली येऊन उभा राहिला.

"सांगितलीस," तो म्हणाला. "आता कमी झाली?"

"नाही."

"अजिबात?"

"वाढली."

त्याने पेपर उघडला, पेन्सिल काढली. 'भी' खोडला आणि तिसऱ्यांदा, आधीच्या खाडाखोडीवर दाबून 'प्री' लिहिला. मग भुवया आवळून त्याच चौकटीवर पेन्सिल टेकवली. "मग आडवा सात चुकतो की. त्या भीडचं काय करायचं?"

"चेपली," मी म्हणाले.